गेम कुठल्या कन्सोलवर न्यायचा? मोंढ्याचा हिशेब इथेही लागतो

वाचकाचं पत्र:

मी उदगीरची. इंजिनिअरिंग झालंय. मामेभाऊ पुण्यात नोकरी करतो. तो कोड लिहितो, मी चित्रं काढते. दोन वर्षं शनिवार-रविवार बसून आम्ही ‘बारव’ नावाचा टू-डी कोड्यांचा गेम युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलाय. बारवेतलं पाणी टप्प्याटप्प्यानं उतरवत खालचे कोनाडे आणि वाटा उघडायच्या. चार-पाच तासांत संपतो, संवाद मराठीत आणि इंग्रजीत आहेत. भाऊ म्हणतो, पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच, सगळीकडे एकाच दिवशी काढू. मला ते झेपेल असं वाटत नाही. शिवाय एक कोडं सुटत नाही. काही कन्सोलवर, म्हणजे गेम खेळायच्या खास यंत्रांवर, बाहेरच्या कंपन्यांचे गेम ढिगानं येतात आणि काही चांगली यंत्रं गेमवाचून ओस पडतात, असं का होतं? ज्याचा प्रोसेसर जोरदार त्याच्याकडे सगळे जातात, असं भाऊ सांगतो. ते खरं का? आणि आमचा गेम आधी कुठे न्यावा?

उत्तर:

ताई, तुमच्या कोड्यातच शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दडलंय, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

उदगीरच्या शेतकऱ्याला सोयाबीन घालायला गावचा मोंढा आहे आणि लातूरचाही आहे. लातूरला भाव चढा असला तरी नुसता भाव ऐकून कुणी टेम्पो भरत नाही. भाडं किती, हमाली-तोलाई किती, ओलावा किती धरतात, काट्यावर रांग किती, पट्टीचे पैसे कधी हातात पडतात, हे सगळं जुळलं तरच माल हलतो. बाहेरची गेम कंपनी कन्सोल निवडते तीही याच रीतीनं. माझ्या जातीच्या गेमला तिथे गिऱ्हाईक किती, गेम तिथे न्यायला मेहनत किती, विक्रीआधी पैसे किती अडकणार, आणि नुकसान झालं तर ते कुणाच्या अंगावर येणार, असे चार प्रश्न ती विचारते. प्रोसेसरचा जोर दुसऱ्या प्रश्नात थोडासा येतो, तेवढाच.

भावाला आधी सोनीच्या प्लेस्टेशन २ चं उदाहरण द्या. २००० साली आलेलं हे यंत्र प्रोग्रॅमरसाठी फार कष्टाचं होतं. मुख्य प्रोसेसरच्या जोडीला गणितं करणारी दोन व्हेक्टर युनिट, ती हातानं जुंपायची, आणि चित्रांसाठी वेगळी मेमरी फक्त ४ एमबी. एक वर्षानं आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये ७३३ मेगाहर्ट्‌झचा इंटेल प्रोसेसर आणि ६४ एमबी मेमरी होती. पीसीवर काम केलेल्याला तो घरच्यासारखा वाटायचा आणि ताकदीनंही सरस होता. तरी बाहेरच्या कंपन्यांची रीघ प्लेस्टेशन २ कडेच राहिली. त्याच्यावर जुन्या प्लेस्टेशनचे गेम चालत, डीव्हीडी चालत, त्यामुळे तो घराघरांत आधीच जाऊन बसला होता. शेवटी त्याची विक्री १५ कोटींच्या वर गेली. पलीकडे एवढी मोठी पेठ दिसत असेल तर अवघड घाटही गाड्या चढतात.

पेठ नसताना घाट असला की काय होतं ते सेगा कंपनीच्या सॅटर्न कन्सोलवरून कळतं. १९९४ च्या नोव्हेंबरात सॅटर्न आणि डिसेंबरात पहिला प्लेस्टेशन, दोन्ही जपानमध्ये पंधरवड्याच्या आत आले. सॅटर्नमध्ये हिताचीचे दोन एसएच-२ प्रोसेसर होते, पण दोघांना मेमरीकडे जायची वाट एकच. एक जण वाटेत उभा असला की दुसरा खोळंबायचा. थ्री-डी आकृत्या बाकी बहुतेक त्रिकोणांनी रचत, तर सॅटर्न चौकोनांनी रचायचा. म्हणजे दुसरीकडे केलेलं काम इथे तसंच्या तसं उपयोगी पडेना. प्लेस्टेशनमध्ये एकच मुख्य प्रोसेसर, २ एमबी मेमरी, आणि सोबत सी भाषेत वापरता येईल अशी तयार लायब्ररी. त्यात सेगानं मे १९९५ मध्ये अमेरिकेत ठरल्यापेक्षा चार महिने आधी सॅटर्न अचानक विक्रीला आणला, ३९९ डॉलरला. सोनीनं तिथेच २९९ चा भाव सांगितला. बाहेरच्या कंपन्यांचं काम सप्टेंबरच्या हिशेबानं चाललेलं असल्यानं त्यांच्या हाती तयार गेमच नव्हते. आवर्तनाची तारीख न सांगता कालव्याला पाणी सोडलं तर कुणाचं भिजणार? यंत्र बनवणाऱ्याच्या शब्दावर बाहेरच्यांचं दोन-दोन वर्षांचं काम उभं असतं. तो शब्द फिरला की ते पुढच्या वेळी सावध होतात. १९९८ साली आलेला सेगाचा ड्रीमकास्ट प्रोग्रॅमरना आवडणारा कन्सोल होता, पण इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌ससारखी बडी कंपनी त्यावर आलीच नाही, आणि २००१ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं.

अडकणाऱ्या पैशांचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण खेळणाऱ्याला तो दिसतच नाही. १९९६ चा निन्टेंडो ६४ प्लेस्टेशनपेक्षा ताकदीचा होता, पण गेम कार्ट्रिजमध्ये, म्हणजे आत चिप असलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत, विकायचे होते. एका कार्ट्रिजमध्ये मावणार फार तर ६४ एमबी, तर सीडीत ६५० च्या आसपास. कार्ट्रिज निन्टेंडोकडूनच बनवून घ्यायची, नग आधी सांगायचे, पैसे आधी भरायचे, माल हातात यायला आठवडे लागायचे. दहा हजार जास्त मागवली आणि पडून राहिली तर नुकसान तुमचं. कमी मागवली आणि गेम चालून गेला तर पुढचा माल येईपर्यंत गिऱ्हाईक निघून जाणार. सीडी दाबायला स्वस्त आणि लवकर व्हायची. बारदाना एकाच दुकानात मिळतो, तोही रोखीनं, आणि उरला तर परत घेत नाहीत, अशा मोंढ्यात माल न्यायचा झाला तर कोण नेईल? स्क्वेअर कंपनी तोवर निन्टेंडोसाठीच मोठे गेम करत होती. ‘फायनल फँटसी ७’ तिनं १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर आणला, तीन सीडींत.

निन्टेंडोच्या या वागण्याला मागचा इतिहास होता. अमेरिकेत १९८५ ला आलेल्या एनईएस यंत्रात कुलपाची चिप होती, तिच्या परवानगीशिवाय कार्ट्रिज चालत नसे. परवाना घेतलेल्या कंपनीला वर्षाला पाचच गेम काढता येत आणि ते दोन वर्षं दुसऱ्या यंत्रावर नेता येत नसत. कोनामीनं तर जास्तीचे गेम काढण्यासाठी अल्ट्रा नावाची वेगळी कंपनीच उघडली. १९८३ च्या सुमारास अमेरिकेतला गेमबाजार निकृष्ट मालाच्या पुरानं कोसळला होता, म्हणून निन्टेंडोनं एवढे कडक नियम केले. बाजार एकच होता तोवर ते सगळ्यांनी सोसले. दुसरा मोंढा उघडल्यावर मात्र लोकांनी गाड्या वळवल्या.

मग ज्याचे नग जास्त खपले त्याच्याकडेच सगळे जातात का? तसंही नाही. निन्टेंडोचं वी हे यंत्र २००६ मध्ये आलं आणि १० कोटींच्या वर विकलं गेलं. तरी त्या काळातले मोठे गेम त्यावर फारसे आले नाहीत. त्याची ताकद मागच्या पिढीची होती, हातात घेऊन हलवायचा रिमोट वेगळा होता. म्हणजे एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ साठी केलेला गेम वीवर न्यायचा तर नवा बांधल्यासारखाच बांधावा लागे. घेणारेही मुख्यत्वे निन्टेंडोचे स्वतःचे गेम घेत. तुरीचे खरेदीदार भरपूर आहेत, पण तुमच्या गाडीत कापूस आहे, अशी ती गत. पुढे २०१२ मध्ये आलेल्या वी यू ची एकूण विक्री दीड कोटीही झाली नाही. गेम नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही आणि गिऱ्हाईक नाही म्हणून गेम नाहीत, हे चक्र एकदा फिरू लागलं की यंत्र कितीही चांगलं असो, ते सावरत नाही.

मेहनतीचं गणित प्लेस्टेशन ३ वर स्वच्छ दिसतं. त्याच्या सेल प्रोसेसरमध्ये एका मुख्य गाभ्यासोबत छोटे सहायक गाभे होते. प्रत्येकाजवळ स्वतःची फक्त २५६ केबी जागा. माहिती तेवढ्याच तुकड्यांत हातानं आत न्यायची, काम करून बाहेर काढायची. वर मेमरीही २५६ आणि २५६ एमबी अशी दोन वाट्यांत. एक्सबॉक्स ३६० मध्ये तीच ५१२ एमबी एकत्र होती. हवी तशी वाटून घ्या. दोन्हीकडे निघणारे बरेच गेम सुरुवातीची काही वर्षं ३६० वरच जास्त सुरळीत चालत. सोनीनं त्यातून धडा घेतला आणि २०१३ चा प्लेस्टेशन ४ साध्या पीसीच्या वळणावर बांधला: एएमडीचा एक्स-८६ प्रोसेसर, ८ जीबी वेगवान एकत्रित मेमरी. आताचे मोठे कन्सोल मेहनतीच्या बाबतीत एकमेकांजवळ आले ते तेव्हापासून. फरक पुरता मिटला मात्र नाही. एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये १६ जीबी मेमरी आहे, स्वस्तातल्या सिरीज एसमध्ये १०. गेम काढायचा तर दोन्हींवर चालायला हवा. ‘बाल्डर्स गेट ३’ प्लेस्टेशन ५ वर सप्टेंबर २०२३ मध्ये आला आणि एक्सबॉक्सवर डिसेंबरात. एकाच पडद्यावर दोघांनी खेळायची सोय सिरीज एसच्या मेमरीत बसेना, म्हणून ती तिथे त्या वेळी सोडून द्यावी लागली.

नुकसान कुणाच्या अंगावर, हा चौथा प्रश्न. कधी यंत्रवालाच ते अंगावर घेतो. ‘बेयोनेटा २’ हा गेम २०१४ मध्ये वी यू वर आला तो निन्टेंडोनं पैसा लावला म्हणून. असा गेम दुसऱ्या कन्सोलवर दिसला नाही तर तिथल्या यंत्राची ताकद शोधत बसू नये.

आता ‘बारव’कडे येऊ. टू-डी गेमला ताकद यातलं कुठलंही यंत्र पुरवेल, तेव्हा तो प्रश्न बाजूला ठेवा आणि आकडे मांडा. समजा किंमत ४९९ रुपये. त्यातला १८ टक्के जीएसटी काढला की ४२३ उरतात. ३० टक्के दुकानाची आडत. हातात २९६. एका कन्सोलवर गेम नेण्याचा खर्च, म्हणजे भावाचे काही महिने, चाचणीचं यंत्र, परवाने, ६ लाख धरला तर २,०३० च्या आसपास प्रती विकल्यावर नुसतं भांडवल निघतं. निम्म्या किमतीच्या सेलमध्ये हातात १४८ येतात, मग तोच आकडा ४,०५० वर जातो. आयकर आणि परत गेलेल्या प्रती यात धरलेल्या नाहीत. ६ लाख हा आमचा धरलेला आकडा आहे. तुमचा खरा आकडा त्याच जागी टाका आणि प्रत्येक कन्सोलसाठी वेगळा कागद करा. चार यंत्रं एकदम म्हणजे चारपट खपाची हमी नव्हे. चारपट खर्च मात्र नक्की.

म्हणून आमचं स्पष्ट मत: आधी फक्त पीसी, स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर. तिथे एका गेमची नोंदणी १०० डॉलर आहे, आणि विक्री १,००० डॉलरवर गेली की ते परत मिळतात. फी भरल्यापासून गेम विकायला काढेपर्यंत ३० दिवस जाऊ द्यावे लागतात, आणि ‘लवकरच येत आहे’ असं पान किमान दोन आठवडे लोकांसमोर असावं लागतं. तुम्ही दोन आठवड्यांवर थांबू नका, पान सहा महिने आधी लावा. स्टीमचा नेक्स्ट फेस्ट हा डेमोंचा मेळा वर्षातून तीनदा भरतो, एका गेमला त्यात एकदाच जागा मिळते. डेमो पक्का झाल्याशिवाय ती संधी खर्चू नका. डेमोत पहिल्या दोन पातळ्या ठेवा आणि लोक कुठल्या कोड्यावर सोडून जातात ते मोजा.

दुसरं पाऊल निन्टेंडोच्या स्विचचं. छोटी, हातात धरून थोडी थोडी सोडवायची कोडी घेणारा गिऱ्हाईक तिथे आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं ‘राजी’ हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवरच आणला आणि पीसी, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वनवर ऑक्टोबरात. लहान चमूनं यंत्रं एकामागून एक घेण्याचं ते आपल्या जवळचं उदाहरण आहे. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स तिसऱ्या पावलावर. सोनीनं भारतातल्या स्टुडिओंसाठी २०२३ मध्ये इंडिया हिरो प्रोजेक्ट सुरू केला. त्यात निवड झाली तर मात्र क्रम बदला, कारण मग चौथ्या प्रश्नाचं उत्तरच बदलतं.

कन्सोलवाल्यांकडे अर्ज करण्याआधी नोंदणीकृत संस्था काढलेली बरी: भागीदारी, एलएलपी किंवा प्रायव्हेट लिमिटेड. दोघांतला हिस्सा आजच लिहून ठेवा. मामेभाऊ असला तरी लिहाच. अर्जासोबत खेळता येणारी बिल्ड (गेमची तयार आवृत्ती) आणि दीड मिनिटाचा व्हिडिओ द्या. गोपनीयतेचा करार झाल्यावरच चाचणीचं यंत्र आणि कागदपत्रं हाती येतात. युनिटीतून कन्सोलची बिल्ड काढायला प्रो परवाना किंवा कन्सोल कंपनीमार्फत मिळणारी परवान्याची की लागते, हा खर्च कागदावर धरा.

भावानं कोडमध्ये आत्ताच करायच्या गोष्टी आहेत, त्या पुढे ढकलल्या तर दुप्पट पडतील. सेव्ह, बटणं, यशपदकं आणि खेळाडूचं खातं या चार गोष्टी गेमच्या बाकी कोडपासून वेगळ्या एका थरात ठेवायच्या. विंडोजचा फाइलपथ किंवा कीबोर्डची कळ कोडभर विखुरलेली असेल तर प्रत्येक यंत्रावर ती वेचत बसावी लागते. फक्त विंडोजची डीएलएल असलेलं प्लगइन कन्सोलवर चालणार नाही, त्याची यादी काढा. युनिटी कन्सोलवर आयएल२सीपीपी वापरतं, म्हणजे सगळा कोड आधीच यंत्रभाषेत उतरवला जातो. चालू असताना नवा कोड तयार करणाऱ्या लायब्ररी तिथे कोलमडतात. पीसीची बिल्डही आजपासून आयएल२सीपीपीवरच काढा, चूक लगेच कळेल.

चित्रांचं तुमच्याकडे. ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचं एक चित्रपान (अनेक चित्रं एकत्र बसवलेली फाइल) न दाबता, म्हणजे आकार न घटवता, ठेवलं तर ते मेमरीत ६४ एमबी खातं. बीसी७ किंवा एएसटीसी ४×४ या पद्धतीनं दाबलं तर १६. पहिल्या स्विचमध्ये एकूण मेमरी ४ जीबी आहे आणि ती सगळी गेमला मिळत नाही. दगडाच्या बारीक पोतावर दाबण्यानं डाग पडतात का, ते खऱ्या पडद्यावर पाहा.

कन्सोलवाल्यांची तपासणी ही मोंढ्यातल्या ओलाव्याच्या तपासणीसारखी असते. माल चांगला असूनही गाडी परत येऊ शकते. नवख्यांचे गेम अडकतात ते कोड्यांमुळे नव्हे. खेळताना कंट्रोलरची बॅटरी संपली तर गेम थांबून सूचना द्यायला हवा. सेव्ह चालू असताना यंत्र झोपवलं तर फाइल बिघडता कामा नये, म्हणून आधी वेगळ्या फाइलीत लिहा, लिहून झाल्यावर नाव बदला, आणि मागची एक प्रत राखा. कन्सोलवर यासाठी कंपनीचीच सेव्हची पद्धत वापरावी लागते, तेव्हा हे त्याच वेगळ्या थरात हवं. जागा भरली असेल तर गेम बंद न पडता तसं सांगायला हवा. बटणांची चित्रं त्या त्या यंत्राचीच हवीत. एक्सबॉक्सवर खालचं बटण ‘ए’, निन्टेंडोवर त्याच जागी ‘बी’, प्लेस्टेशनवर क्रॉस. रात्रभर गेम चालू ठेवून सकाळी मेमरी किती वाढली तेही बघा. पीसीवर चूक दुरुस्त केली की ती तासाभरात लोकांपर्यंत पोचवता येते. कन्सोलवर प्रत्येक दुरुस्ती पुन्हा रांगेत उभी राहते. सगळीकडे एकाच दिवशी काढायला आमचा विरोध मुख्यतः यासाठी आहे. सेव्हमधली एक चूक पहिल्या दिवशी निघाली तर तुम्ही दोघं ती चार ठिकाणी कशी धरणार?

उरली मराठी. युनिटीचं टेक्स्टमेश प्रो हे अक्षरं दाखवणारं साधन देवनागरीची जुळणी नीट करत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते, जोडाक्षरं तुटतात. ‘विहीर’ लिहिलं तरी वाचताना अडखळायला होतं. अक्षरजुळणीचं बाहेरचं प्लगइन घातलं तर ते प्रत्येक कन्सोलसाठी वेगळं बांधून घ्यावं लागतं. तुमचे संवाद ठरलेले आहेत, तेव्हा सोपा मार्ग असा की पीसीवर प्रत्येक वाक्य योग्य जुळणीसह चित्ररूपात काढून गेममध्ये घाला. तुमची वाक्यं दोनशे-तीनशेच असतील तर एका चित्रपानात बसतील. फॉन्ट मुक्त परवान्याचा घ्या, ‘मुक्त’ नावाचा किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ चालेल. पहिला स्विच हातात धरल्यावर पडदा १२८० बाय ७२० चा असतो, म्हणून त्या मापात मात्रा-वेलांट्यांसह ओळीची उंची ३६ पिक्सेलखाली नेऊ नका. जवळ स्विच नसेल तर त्याच मापाचा स्क्रीनशॉट मोबाइलवर आडवा उघडा, हातभर लांब धरा, आणि घरातल्या चष्मा लागलेल्या माणसाला वाचायला द्या.